डॉक्टरच एलएसडी देत होते, मग थांबले का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मोठ्या भावाला सहा वर्षांपासून डिप्रेशन आहे, चार वेगवेगळ्या गोळ्या घेऊन झाल्या, आणि आता गोव्यात राहणारा त्याचा एक मित्र म्हणतोय की भ्रम घडवणारे मशरूम घे, एका दिवसात सुटशील. तुम्ही शोधाशोध केलीत तेव्हा कळलं की १९५०च्या दशकात डॉक्टरच रुग्णांना त्याच जातीचं, भ्रम घडवणारं एलएसडी देत होते आणि नंतर सरकारांनी ते बंद पाडलं. तुम्ही विचारलंय: हे खरं आहे का? इतकं गुणकारी होतं तर थांबवलं का? आणि भावाला या वाटेने जाऊ द्यावं का?

मी सत्तावीस वर्षं मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतोय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचता येईल: नाही, त्याला गोव्याला पाठवू नका. पहिल्याचं उत्तर: हो, डॉक्टर देत होते, आणि त्यातले बरेच जण प्रामाणिक, अभ्यासू डॉक्टर होते. मधल्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल. ‘सरकारने दाबून टाकलं’ ही गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि उरलेला अर्धा भाग तुमच्या भावाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे.

सुरुवात बाजरीपासून करतो. मी माण तालुक्यातला. फुलोऱ्याच्या दिवसांत पाऊस लागून राहिला की आमच्याकडे बाजरीवर अरगट पडतो. कणसातून मधासारखा चिकट रस गळतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट खडे धरतात. म्हणून पेरणीआधी बियाणं वीस टक्के मिठाच्या पाण्यात टाकतात, खडे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. अशी बाजरी खाण्यात आली की उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. १९५६-५७ साली तेव्हाच्या मुंबई राज्यात अशा विषबाधेची साथच आली होती. युरोपात याच जातकुळीची बुरशी राय नावाच्या धान्यावर पडते. तिची विषं आपल्या बाजरीवरच्या अरगटापेक्षा वेगळी आणि जास्त क्रूर. मध्ययुगात तिने गावंच्या गावं आजारी पाडली, लोकांची बोटं झडली. पण तिकडच्या सुइणींना हेही ठाऊक होतं की ही बुरशी गर्भाशय आवळते.

हे आवळणारं द्रव्य औषध म्हणून वेगळं काढायचं काम स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात सँडोझ कंपनी करत होती. आल्बर्ट हॉफमन तिथले रसायनशास्त्रज्ञ. अरगटातल्या लायसर्जिक आम्लापासून ते एकामागून एक संयुगं बनवत होते. त्या मालिकेतलं पंचविसावं संयुग त्यांनी १९३८ साली बनवलं, एलएसडी-२५. श्वसन आणि रक्ताभिसरणाला उत्तेजन देणारं काही हाती लागेल अशी अपेक्षा होती. प्राण्यांवर विशेष काही दिसलं नाही, म्हणून ते बाजूला पडलं. पाच वर्षांनी, एप्रिल १९४३ मध्ये, त्यांनी ते पुन्हा बनवायला घेतलं आणि काम करताना त्यांना गरगरल्यासारखं, स्वप्नात असल्यासारखं वाटू लागलं. तीन दिवसांनी, १९ एप्रिलला, खात्री करायची म्हणून त्यांनी मुद्दाम पाव मिलिग्रॅम घेतलं. इतक्या कमी मात्रेत काय होणार, असा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षात ती मात्रा भरपूर होती. युद्धाचे दिवस, मोटारी बंद, म्हणून सहायिकेला सोबत घेऊन ते सायकलवरून घरी गेले. दूध घेऊन आलेली शेजारीण त्यांना चेटकिणीसारखी दिसली, आपण मरतोय असं वाटलं. डॉक्टर आले, तपासलं, तर डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, बाकी सगळं व्यवस्थित.

या हॉफमन यांच्या कामातून आलेलं दुसरं एक औषध तुमच्या घरातल्या कुणीतरी नक्की घेतलेलं असेल. इंटर्नशिपमध्ये लेबर रूमला रात्रपाळी करताना बाळ बाहेर आलं की सिस्टर पहिला आवाज द्यायच्या, “मेथरजिन भरा!” बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारं ते इंजेक्शन आणि एलएसडी ही एकाच मूळ आम्लाची लेकरं आहेत. माझे विद्यार्थी ‘एलएसडी म्हणजे ड्रग, मेथरजिन म्हणजे औषध’ असं पाठ करून येतात, तेव्हा मी त्यांना दोन्ही रेणू शेजारी शेजारी काढून दाखवतो.

झ्युरिकचे मानसोपचारतज्ज्ञ वेर्नर श्टोल यांनी १९४७ मध्ये माणसांवरचा पहिला अभ्यास छापला आणि सँडोझने ‘डेलिसिड’ या नावाने हे औषध डॉक्टरांना पुरवायला सुरुवात केली. सोबतच्या माहितीपत्रकात दोन उपयोग लिहिले होते. एक, मानसोपचारात रुग्णाच्या दडपलेल्या आठवणी वर याव्यात म्हणून. दुसरा, डॉक्टरांनी स्वतः घेऊन पाहावं, म्हणजे मनोविकार आतून कसा असतो याची कल्पना येईल. हा दुसरा उपयोग आज विचित्र वाटतो, पण तो काळ आठवा. त्याआधी मनोरुग्णालयं म्हणजे कोंडवाडे होते आणि आजार मेंदूच्या रसायनात असू शकतो हे मानायलाही फार कमी लोक तयार होते. मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाने माणसाचं जग पालटतं, म्हणजे मेंदूतही अशीच काही रसायनं असली पाहिजेत, हा तर्क तिथून निघाला.

इथे एक मुंबईचा धागा आहे. केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेवरचा आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि रक्तदाबाचं औषध म्हणून सर्पगंधा जगाला माहीत झाली. तिच्यातलं रेसर्पिन पुढे स्किझोफ्रेनियासाठीही वापरलं गेलं. १९५३ मध्ये बेटी ट्वारोग यांना मेंदूत सेरोटोनिन हे पेशींमधले निरोप वाहणारं रसायन सापडलं. एलएसडीची घडण सेरोटोनिनसारखी आहे आणि ते त्याच्या कामात ढवळाढवळ करतं, हे लगेच लक्षात आलं. १९५५ मध्ये रेसर्पिन मेंदूतलं सेरोटोनिन रिकामं करतं असं दिसलं. बासेलहून आलेली वाट आणि मुंबईहून गेलेली वाट एकाच पदार्थापाशी येऊन मिळाली. तुमचा भाऊ आज ज्या गोळ्या घेतोय त्यांच्यामागचा विचार याच काळातला. तेव्हा सायकेडेलिक, म्हणजे एलएसडीसारख्या औषधांवरचं, संशोधन ‘वाया गेलं’ असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही.

आता कॅनडा. या सगळ्या इतिहासातली माझी सर्वात आवडती जागा म्हणजे सस्कॅचेवान प्रांत. सपाट गव्हाची शेतं, कडाक्याची थंडी, आणि वेबर्न गावात रुग्णांनी खच्चून भरलेलं एक प्रचंड मनोरुग्णालय. १९५१ मध्ये हम्फ्री ऑस्मंड लंडनहून तिथे आले. त्यांच्यासोबत काम करणारे एब्राम हॉफर त्याच प्रांतातले. ऑस्मंड आधीपासून मेस्कलिनवर काम करत होते. मेस्कलिन हे पेयोटी नावाच्या निवडुंगातलं द्रव्य, १८९७ मध्ये वेगळं काढलेलं.

त्यांनी दारूच्या रुग्णांना एलएसडी द्यायचं ठरवलं, पण मूळ कल्पना वेगळीच होती. दारू अचानक सुटल्यावर काही रुग्णांना भयंकर भ्रम होतात, थरथर सुटते, आणि त्या धक्क्यातून वाचलेले काही जण नंतर दारूला शिवत नाहीत. तोच धक्का औषधाने, पण धोका न पत्करता देता येईल का, असा त्यांचा विचार. म्हणजे रुग्णाला घाबरवायचं. प्रत्यक्षात जे रुग्ण सुधारले ते घाबरल्यामुळे सुधारल्याचं सांगत नव्हते. ते म्हणत होते की आपण बायकोमुलांशी कसे वागलो ते पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. डॉक्टरांनी मग आपली मूळ कल्पना सोडून दिली. रुग्ण सांगतोय ते आपल्या सिद्धांतात बसत नसेल तर सिद्धांत बदलायचा, हे म्हणायला सोपं आहे. मला स्वतःला ते जमायला बरीच वर्षं लागली.

या बदलाबरोबर उपचाराची पद्धतही बदलली. साधी खोली, मऊ उजेड, संगीत, आणि दिवसभर, म्हणजे आठ-दहा तास, रुग्णाशेजारी बसून राहणारी नर्स किंवा डॉक्टर. शेजारी बसणाऱ्यांपैकी अनेकांनी ते औषध स्वतः घेतलेलं होतं. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्मंड, हॉफर आणि त्यांचे दोन सहकारी तिथल्या आदिवासींच्या पेयोटी विधीला रात्रभर जाऊन बसले. सरकारला तो विधी बंद करायचा होता, आणि या डॉक्टरांनी पाहून येऊन सांगितलं की यात गैर काहीच नाही. त्या लोकांकडे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होतं: निवडुंग एकट्याने खायचा नाही, जाणत्यांच्या सोबत खायचा.

कियो इझुमी नावाच्या वास्तुरचनाकाराचा प्रसंग तर मी दरवर्षी नव्या निवासी डॉक्टरांना सांगतो. त्यांना नवं मनोरुग्णालय बांधायचं होतं. त्यांनी एलएसडी घेतलं आणि जुन्या रुग्णालयात फिरून पाहिलं. चकाकत्या फरशा, संपतच नाहीत असे बोळ, अंधारे कप्पे: भ्रमात असलेल्या माणसाला हे सगळं किती भेसूर दिसतं ते त्यांना कळलं. यॉर्कटनचं रुग्णालय मग त्यांनी लहान लहान, घरासारख्या भागांत बांधलं. आपल्याकडची मनोरुग्णालयं बांधताना रुग्णाच्या नजरेने एकदा तरी कुणी पाहिलं असतं तर, असं मला नेहमी वाटतं. त्यासाठी औषध घ्यायचीही गरज नाही, चार रात्री वॉर्डात झोपून पाहिलं तरी पुरे.

‘सायकेडेलिक’ हा शब्दही ऑस्मंड यांचाच. लेखक आल्डस हक्सली यांच्याशी चाललेल्या पत्रव्यवहारात १९५६ मध्ये तो सुचला. ग्रीक मुळांतून त्याचा अर्थ ‘मन प्रकट करणारं’.

सस्कॅचेवानच्या डॉक्टरांनी दावा केला की निम्म्याच्या आसपास रुग्णांची दारू सुटली किंवा खूप कमी झाली. दावा मोठा होता. बाकीच्या ठिकाणांबद्दल थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये पॉविक रुग्णालयात रोनाल्ड सँडिसन यांनी १९५५ मध्ये एलएसडी उपचारांसाठी वेगळा विभाग उभारला. प्रागमध्ये स्टानिस्लाव्ह ग्रोफ काम करत होते. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतात मारिया सबिना या वैदू बाईंनी १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन या अमेरिकन बँकरला आपल्या रात्रीच्या मशरूम विधीत बसू दिलं. त्याने १९५७ मध्ये एका खपाच्या मासिकात त्यावर लिहिलं. ते मशरूम हॉफमन यांच्यापर्यंत पोहोचले आणि १९५८ मध्ये त्यातून सायलोसायबिन वेगळं निघालं. विज्ञानाला नवं औषध मिळालं, मारिया सबिनांच्या गावात मात्र परदेशी हौशींची रीघ लागली, गावकऱ्यांनी त्यांनाच दोष दिला, त्यांचं घर जाळलं गेलं. आज ज्या सायलोसायबिनवर कंपन्या उभ्या आहेत, त्याचं देणं या बाईंकडे आहे.

सुरक्षिततेचं काय? सिडनी कोहेन यांनी १९६० मध्ये डॉक्टरांकडून माहिती गोळा केली: सुमारे पाच हजार माणसं, पंचवीस हजार वेळा दिलेलं एलएसडी किंवा मेस्कलिन. रुग्णांमध्ये दर हजारी १.८ जणांना दोन दिवसांहून जास्त टिकणारं वेड लागलं, आणि दर हजारी ०.४ आत्महत्या उपचाराशी जोडता आल्या. आकडे छोटे आहेत आणि आजचे समर्थक ते वारंवार सांगतात. मी त्यात दोन गोष्टी जोडेन. ही माहिती डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णांबद्दल स्वतः दिलेली होती, आणि आपल्या हातून झालेलं नुकसान आपल्याला कमीच दिसतं. दुसरं, दोन वर्षांतच या कोहेन यांनीच वाढत्या दुष्परिणामांबद्दल इशारा दिला, कारण मधल्या काळात औषध हौशी हातांत गेलं होतं.

आता थांबलं का, ते सांगतो. तुम्ही वाचलेल्या गोष्टीत एलएसडीचा उघड प्रचार करणारे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी आहेत, हिप्पी आहेत, घाबरलेलं सरकार आहे. ते सगळं घडलं. लिअरी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड अल्पर्ट यांना १९६३ मध्ये हार्वर्डमधून जावं लागलं. या अल्पर्टना आपल्याकडे नीम करौली बाबांचे शिष्य रामदास म्हणून लोक ओळखतात. १९६५ मध्ये सँडोझने पुरवठा थांबवला, १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाने बंदी घातली, १९७० च्या अमेरिकन कायद्याने एलएसडीला सर्वात कडक यादीत टाकलं, १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. १९६६ च्या एका सुनावणीत सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी अधिकाऱ्यांना अडवून विचारलं होतं की सहा महिन्यांपूर्वी हे प्रयोग उपयोगी होते तर आज का नाहीत. उत्तर समाधानकारक मिळालं नाही.

पण त्याआधीच दोन गोष्टी घडल्या होत्या आणि त्या वैद्यकाच्या आत घडल्या होत्या.

पहिली लाजिरवाणी आहे. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने १९५३ पासून एमके-अल्ट्रा नावाखाली माणसांना न सांगता एलएसडी देण्याचे प्रयोग चालवले. केंटकीतल्या लेक्सिंग्टन इथे व्यसनी कैद्यांवर प्रयोग झाले, त्यातले बरेच कृष्णवर्णीय. हॅरिस इस्बेल यांनी काहींना सलग ७७ दिवस एलएसडी दिलं आणि मोबदला म्हणून त्यांना हवा असलेला अमली पदार्थच दिला. हे करणारेही डॉक्टरच होते. रेणू तोच, जो सस्कॅचेवानमध्ये एखाद्या दारुड्याला घरी परत नेत होता. तेव्हा ‘पूर्वी डॉक्टरच देत होते’ हे वाक्य वाचलं की मी लगेच विचारतो: कोणते डॉक्टर, कोणाला, आणि विचारून का?

दुसरी गोष्ट रुक्ष वाटेल, पण माझ्या मते तीच निर्णायक ठरली. गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली आणि १९६२ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला. औषध सुरक्षित असणं पुरेसं नाही, त्याचा गुण येतो हेही काटेकोर चाचण्यांनी सिद्ध करा. अशा चाचण्यांतली उत्तम पद्धत म्हणजे अर्ध्या रुग्णांना औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. कायदा योग्यच होता. पण एलएसडी घेतलेल्या माणसाला अर्ध्या तासात कळतं की आपण काय घेतलंय. शेजारी बसलेल्यालाही कळतं. आंधळी चाचणी करायची कशी?

टोरंटोच्या संशोधकांनी प्रयत्न केला. दारूच्या रुग्णांना एलएसडीची मोठी मात्रा दिली, पलंगाला पट्ट्याने बांधलं, जेणेकरून इतर कशाचा परिणाम न होता फक्त रेणूचा परिणाम मोजता यावा. फायदा दिसला नाही. त्यांनी लिहिलं, औषध निरुपयोगी. सस्कॅचेवानवाले म्हणाले, अहो, तुम्ही आमचा उपचार केलाच नाहीत, माणसाला बांधून घाबरवलंत. मला दोघांचंही पटतं आणि अडचण नेमकी तिथेच आहे. खोली, संगीत आणि शेजारचा माणूस वजा केला तर उपचार मरतो. वजा नाही केला तर गुण औषधाचा की सोबतीचा, हे सांगता येत नाही. १९६० च्या दशकात या कोड्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, आणि तोवर स्किझोफ्रेनियासाठी क्लोरप्रोमझिन, डिप्रेशनसाठी इमिप्रामिन अशी औषधं आली होती जी गोळी म्हणून देता येत आणि गोळी म्हणून मोजता येत. संशोधनाचा ओघ तिकडे वळला.

बंदीनंतरही दार एकदम बंद झालं नाही, हेही ऐकून ठेवा. मेरीलँडमधल्या स्प्रिंग ग्रोव्ह रुग्णालयात एलएसडीवर संशोधन करणाऱ्या विभागातच काम करणाऱ्या एका बाईंना कॅन्सर झाला आणि त्यांनी स्वतःहून हा उपचार मागितला. तिथून मरणाच्या भीतीने ग्रासलेल्या कॅन्सर रुग्णांवरचं काम सुरू झालं आणि ते १९७० च्या दशकातही काही वर्षं चाललं. मग पैसा आणि उत्साह दोन्ही आटले. तिथे रुग्णांशेजारी बसणारे विल्यम रिचर्ड्स पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सायलोसायबिनचं काम पुन्हा सुरू झालं तेव्हा तिथेही होते. सोबत कशी करायची हे ज्ञान कागदांपेक्षा अशा माणसांतूनच टिकलं.

२००६ मध्ये हॉपकिन्सच्या रोलंड ग्रिफिथ्स यांचा निरोगी माणसांवरचा अभ्यास आला आणि विषय पुन्हा उघडला. २०१६ मध्ये हॉपकिन्सच्याच ५१ कॅन्सर रुग्णांत सहा महिन्यांनंतरही जवळपास ८० टक्के जणांची उदासी आणि चिंता लक्षणीय उतरलेली होती. हे वाचलं तेव्हा मी खरंच हेलावलो होतो, कारण मरणाच्या दारात बसलेल्या रुग्णाला देण्यासारखं माझ्या हातात फार थोडं असतं. पण अभ्यास मोठे होत गेले तसे आकडे खाली आले. औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनवरचा, म्हणजे नेमका तुमच्या भावाच्या प्रकारचा, २०२२ चा अभ्यास पाहा. २३३ रुग्ण. २५ मिलिग्रॅम सायलोसायबिन एकदा दिल्यावर तीन आठवड्यांनी ३७ टक्के रुग्णांना चांगला गुण आला, नाममात्र १ मिलिग्रॅम घेतलेल्यांत १८ टक्के. बारा आठवडे तो गुण टिकलेले किती? २० टक्के. शिवाय काहींमध्ये आत्महत्येचे विचार उफाळले. २०२१ मध्ये ५९ रुग्णांत सायलोसायबिनची तुलना डिप्रेशनच्या आपल्या नेहमीच्या गोळीशी, एसिटालोप्रामशी केली, तर मुख्य मोजपट्टीवर दोन्हींत ठोस फरक दिसला नाही.

तेव्हा आशा आहे आणि ती खरी आहे, पण ‘एका दिवसात सुटशील’ असं त्यात काही नाही. पाचातल्या चौघांना तीन महिन्यांनी तो गुण उरलेला नव्हता, आणि हे सगळं उत्तम तयारीच्या खोलीत, शिकलेल्या सोबत्यांसह.

आणि जुनं कोडंही तसंच परत आलंय. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीसमोर एमडीएमएचा, म्हणजे ‘एक्स्टसी’ नावाने नशेसाठी विकल्या जाणाऱ्या द्रव्याचा, प्रस्ताव आला, तीव्र आघातानंतर मागे राहणाऱ्या मनोविकारासाठी. उपयोग सिद्ध झालेला नाही असं अकरापैकी नऊ सदस्य म्हणाले. मुख्य आक्षेप तोच, साठ वर्षांपूर्वीचा: कोणी काय घेतलंय हे बहुतेकांना कळत होतं. दुसरा आक्षेप आणखी गंभीर. कॅनडातल्या एका चाचणीत सोबत करणाऱ्या थेरपिस्टने रुग्णाशी लैंगिक गैरवर्तन केलं होतं. ऑगस्टमध्ये प्रस्ताव नामंजूर झाला. ज्या अवस्थेत माणूस आठ तास पूर्ण उघडा आणि दुसऱ्यावर अवलंबून असतो, तिथे शेजारी कोण बसलंय यावर सगळं अवलंबून असतं. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना सायलोसायबिन आणि एमडीएमए वापरायची परवानगी दिली आहे. तिथल्या अनुभवाकडे मी लक्ष ठेवून आहे.

आता तुमचा भाऊ आणि तो गोव्यातला मित्र.

काही वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा माझ्याकडे आणला होता. समुद्रकिनाऱ्यावर मित्रांनी दिलेला कागदाचा तुकडा जिभेवर ठेवला होता. मित्र रात्री निघून गेले, हा पहाटेपर्यंत एकटा होता. आठवडाभराने आला तेव्हाही त्याला आवाज येत होते आणि घरचे लोक बदललेत असं वाटत होतं. चौकशी केली तर मामाला स्किझोफ्रेनिया. आजार त्या कागदाने निर्माण केला की झोपलेला होता तो जागा केला, मी सांगू शकत नाही. शिक्षण दोन वर्षं मागे पडलं, अजून गोळ्या चालू आहेत. आता बहुतेक चाचण्यांत घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्यांना घेतच नाहीत, म्हणून वर दिलेले चांगले आकडे अशा माणसांचे नाहीतच. तुमच्या घरात असं कोणी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मित्राने विचारलं असेल असं वाटत नाही.

भाऊ लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) घेत असेल तर सायलोसायबिन किंवा एलएसडीबरोबर फिट येण्याचा धोका आहे. मशरूम घ्यायचे म्हणून चालू गोळ्या एकदम सोडल्या तर आजार उसळू शकतो. मशरूम म्हणून काय हातात पडेल तेही सांगता येत नाही. गावाकडे ‘नशेचं बी’ म्हणून धोतरा खाल्लेली माणसं मी कॅज्युअल्टीत पाहिली आहेत. धोतऱ्याचा या औषधांशी काही संबंध नाही, तो सरळ विष आहे. आणि आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली एलएसडी, सायलोसायबिन, मेस्कलिन सगळ्यांवर बंदी आहे. एलएसडीची २ मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा ‘अल्प’ धरतात, त्यालाही एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. भारतात आज कोणी हा उपचार ‘रिट्रीट’ म्हणून विकत असेल तर तो बेकायदा आहे.

कायद्याने मिळू शकणारी, या कुळाच्या जवळची एक गोष्ट मात्र आहे: केटामाइन. ते खऱ्या अर्थाने सायकेडेलिक नाही, मेंदूत वेगळ्या ठिकाणी काम करतं. १९७० पासून भुलेचं औषध म्हणून वापरात आहे. ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर असताना गळू फोडायला, हाड बसवायला आम्ही तेच वापरायचो. भुलेतून बाहेर येताना रुग्णांना काहीबाही दिसायचं. आमच्या एक जुन्या सिस्टर होत्या, त्या दिवा मंद करायच्या, सगळ्यांना गप्प बसवायच्या आणि रुग्णाचा हात हातात धरून बसायच्या. त्यांच्या पाळीतले रुग्ण हसत उठायचे. दुसऱ्या पाळीत, ट्रॉल्यांच्या खडखडाटात, तेवढ्याच मात्रेवर रुग्ण किंचाळत उठायचे. सस्कॅचेवानबद्दल मी नंतर वाचलं, पण ते मला आधीच सिस्टरांनी दाखवलं होतं.

कमी मात्रेतलं केटामाइन शिरेतून सावकाश दिलं तर चिवट डिप्रेशन काही तासांत हलकं होऊ शकतं, हे २००० नंतरच्या अभ्यासांत दिसलंय. गुण बहुधा काही दिवस ते आठवडाभर टिकतो, म्हणून ते पुन्हा द्यावं लागतं आणि त्याचं व्यसनही लागू शकतं. ते फक्त रुग्णालयात, भूलतज्ज्ञ हाताशी असताना, रक्तदाब मोजत द्यायचं असतं.

पण त्याआधी एक काम करा. चारही गोळ्यांची नावं, डोस आणि प्रत्येकी किती आठवडे घेतल्या ते एका कागदावर लिहा. औषधं ‘फेल’ गेली म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच रुग्णांचा असा कागद केला की कळतं, निम्मी औषधं पुरेशा डोसमध्ये कधी दिलीच गेली नव्हती किंवा दोन आठवड्यांत बदलली होती. थायरॉईड तपासलाय का, दारू चालू आहे का, आयुष्यात कधी विनाकारण अति उत्साहाचे, झोपेशिवायचे दिवस आले होते का, हेही लिहा. शेवटचा मुद्दा होकारार्थी असेल तर आजारच वेगळा असू शकतो. लिथियमची जोड, शॉक ट्रीटमेंट, बोलून करायची थेरपी, यातलं काय झालं आणि काय राहिलं, ते त्याच्या डॉक्टरांना विचारा. शॉक ट्रीटमेंटचं नाव ऐकून दचकू नका, आता ती भुलेखाली देतात आणि चिवट डिप्रेशनमध्ये तिचा पुरावा सायलोसायबिनपेक्षा कितीतरी भक्कम आहे. भावाच्या बोलण्यात मरणाचा विषय येत असेल तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि भेटीला तो एकटा जात असेल तर या वेळी तुम्ही बरोबर जा. डॉक्टरांना आधी सांगून शेवटच्या नंबरची वेळ घ्या. आमच्या ओपीडीत सकाळच्या गर्दीत एका रुग्णाला पाच-सात मिनिटं मिळतात, शेवटच्याला अर्धा तास मिळू शकतो. तो कागद त्यांच्यासमोर ठेवा, आणि गोव्याच्या मित्राने काय सुचवलंय तेही मोकळेपणाने सांगा. चांगला डॉक्टर रागावणार नाही. भाऊ इतका थकलाय की हाही विचार करतोय, एवढं तरी त्यांना त्यातून कळेल.